धोंड्याचं पिवळं जाकीट

विश्वंभर सर कागदावर शाळेच्या गावात राहतात. जेवायला, झोपायला आणि बायकोची बोलणी खायला मात्र ते हिंगोलीत असतात. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. सकाळी हिंगोलीहून सेनगावच्या दिशेने ज्या मोटारसायकली निघतात, त्यांच्यावर बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस कागदावर दुसरीकडेच राहत असतो. तलाठी, ग्रामसेवक, दवाखान्यातल्या सिस्टर आणि जनावरांच्या दवाखान्यातला मी. नियम असा आहे की ज्याने त्याने नोकरीच्या गावी मुक्काम करायचा, तो करतो असा ठराव ग्रामसभेने घ्यायचा, आणि मग घरभाडं मिळायचं. गाव ठराव घेतं, आम्ही अपडाऊन करतो, आणि सरकार दोन्हींवर विश्वास ठेवतं. इतका सलोखा तुम्हाला सख्ख्या भावांत सापडायचा नाही.

सरांच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. साखऱ्याच्या अलीकडे की पलीकडे, हेही विचारू नका. गाव लहान आहे, पलीकडच्या टेकडीवर एक तांडा आहे, आणि दोन्हींची ग्रामपंचायत एकच आहे. एवढं पुरे.

सर गणित शिकवतात आणि जगतातही तसेच, पायरी-पायरीने. कुकरची रिंग घ्यायची तर तीन दुकानांत चौकशी. बिस्किटाचा पुडा घेतला तर आधी मागचा बारीक मजकूर वाचणार, मग फोडणार. गाडी चालवतानाही असेच सांभाळून. तरीसुद्धा एका हिवाळ्यात संध्याकाळी नरसीच्या पुढे तुरीतून एक रोही आडवा आला. रोही म्हणजे घोड्याएवढा प्राणी, आणि त्याला गणित येत नाही. सर गाडीसकट रस्त्याच्या कडेला गेले आणि खांद्याचं हाड मोडून तिथेच पडून राहिले.

खरी गोष्ट इथून सुरू होते. अंधार पडत होता, अंगात मातकट स्वेटर, तोंडाला दस्ती गुंडाळलेली. त्या रस्त्यावर संध्याकाळी सगळेच असे दिसतात. दोन-तीन गाड्या गेल्या, एक जीपही गेली. त्यांना वाटलं, कोणी तरी पिऊन पडलंय. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉलीत घालून हिंगोलीला आणलं. हात गळ्यात बांधून सर घरी आले तेव्हा त्यांची बायको पुनम रडली नाही. तिने फर्मान काढलं.

"आता अंगावर असं काई तरी घाला, की पडलात तर लागलं न्हाई पायजे, आन् पडलात तर दिसलं पायजे."

पुनमवहिनींच्या या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं आहे, म्हणून ते ध्यानात ठेवा. हात जोडून येईपर्यंत सरांनी फोनवर मोटारसायकलच्या जाकिटांचा अभ्यास केला. एवढा अभ्यास त्यांनी डी.एड.ला केला नव्हता. व्हिडिओतली माणसं "रोजच्या वापरासाठी उत्तम" असं सांगून लडाखला निघून जायची. काही शहरातली होती, त्यांचा रोजचा वापर म्हणजे घरापासून काचेच्या दाराच्या ऑफिसपर्यंत. तुरीतून रोही आला तर काय, यावर कोणी बोलत नव्हतं. नरसीला चहा पिताना सर आम्हाला समजावून सांगायचे. जाळीचं कापड हवेशीर असतं पण पावसात भिजतं, कातडं टिकतं पण उन्हाळ्यात माणूस शिजतो, कोपराला-खांद्याला आत टणक कवच पाहिजे, पाठीलाही पाहिजे. तलाठी म्हणाला, "सर, एवढ्यात तर कासव घेऊन होईल." सरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांचा निर्णय झाला होता. काळं, जाळीचं, आतून अस्तर काढता येईल असं.

निर्णय झाला, पण खरेदी होईना. कारण त्या वर्षी श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना म्हटलं की जावई हा साधा माणूस राहत नाही, त्याला विष्णूचा दर्जा मिळतो, आणि सासूला त्याला काही तरी द्यावंच लागतं. सरांचं सासर आखाडा बाळापूरचं. सासूबाई द्वारकाबाई चांदीचं ताट द्यायच्या बेतात होत्या. सर अवघडत म्हणाले, "मामी, ताट नगं. द्यायचंच असंल तर जाकीट द्या. पुनमच्या जिवाला बरं वाटंल."

आयुष्यात एवढी चौकशी केलेल्या माणसाने शेवटचं पाऊल सासूच्या हातात दिलं. अभ्यास वाया जायची ही आपल्याकडची खात्रीची वाट आहे.

नांदेडच्या दुकानात चौघे गेले. सर, पुनमवहिनी, द्वारकाबाई आणि सासरे दगडोबा. दुकानदाराने सरांचं वर्णन ऐकलं आणि हवं ते काळं जाकीट एका झटक्यात काउंटरवर टाकलं. द्वारकाबाई दोन पावलं मागे सरल्या.

"काळं? जावयाला? धोंड्याच्या महिन्यात?"

"अम्मा, राइडिंग में काला ही चलता है."

"गाडीला चालत असंल. जावयाला न्हाई चालत."

मग निळं आलं. "निळं म्हंजे धुतलेलं काळंच की," असा निकाल लागला. राखाडी रंगाचं नावच काढू द्यायला त्या तयार नव्हत्या, राख आणि जावई एका वाक्यात नको म्हणून. तपकिरी कातड्याचं आलं तर त्यांनी पदराने नाक झाकलं. "अधिकात चामडं वाण म्हणून देऊ? देवाला काय तोंड दाखवू?" लाल आलं, तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले दगडोबा म्हणाले, "हे घालून आमच्या बैलबाजारातून जायचं न्हाई मात्र." लालही गेलं.

दुकानदार घामाघूम झाला. शेवटी त्याने सगळ्यांत खालच्या फळीवरून धूळ झटकत एक गठ्ठा काढला. लिंबासारखं झगझगीत पिवळं, त्यावर छातीला, पाठीला, दंडाला चंदेरी पट्टे. कुठल्याशा रस्त्याच्या ठेकेदारासाठी मागवलं होतं आणि ठेकेदार परत फिरकला नव्हता. द्वारकाबाईंचा चेहरा उजळला.

"बघा! हळदीचा रंग हाय."

सरांनी कोपर चाचपलं, कवच होतं. खांदे चाचपले, होतं. पाठीलाही होतं. अस्तर निघत होतं. नाही म्हणायला एकही कारण सापडेना. पुनमवहिनी तर म्हणाल्या, "पडले तर कळमनुरीहून दिसतेल." आणि विषय संपला.

बाळापूरला धोंड्याचं जेवण झालं. वाणाचा कपडा अंगावर घालूनच पाटावर बसायचं, अशी तिथली रीत. ऐन दुपार, उकाडा, शेजारच्या बायका दारात, आणि पाटावर आमचे सर कवचासकट. द्वारकाबाईंनी ओवाळलं, पाठीच्या चंदेरी पट्ट्यावर कुंकवाचं बोट लावलं, पुढ्यात पुरणाचे तेहतीस धोंडे ठेवले. सरांनी पहिला धोंडा उचलला. जाकीट कोरं होतं, कोपराचं कवच वळेना. हात हनुवटीपर्यंत यायचा आणि थांबायचा. त्यांनी मान पुढे काढून पाहिली, घासाने तेवढंच अंतर राखलं. विष्णूचा दर्जा मिळालेला माणूस भरल्या ताटावर उपाशी बसला. शेवटी पुनमवहिनींनी भरवलं, बायका हसून हसून बेजार झाल्या आणि कोणी तरी त्याचा फोटो काढला. तो आमच्याकडे सगळ्यांकडे आहे.

पुढच्या सोमवारी सर त्या वेशात रस्त्यावर आले आणि रस्त्याचं रूपच पालटलं. समोरून येणारे टेम्पो पोलीस समजून हळू व्हायचे. एका ट्रकवाल्याने थांबून विचारलं, पुढचा पूल बंद आहे का. पण ट्रॉल्या लांबूनच बाजू द्यायला लागल्या, हे मी स्वतः पाहिलं. माणूस दिसतो म्हटल्यावर त्याला वाचवायची इच्छा होते, हा शोध आमच्या रस्त्याला नवीन होता.

भानगड झाली ती गावात. आधी सर कधी आले आणि कधी गेले हे कोणाला कळत नसे, कारण दस्ती बांधलेला माणूस म्हणजे कोणीही. आता फाट्यावरचा चहावाला खेमा गिऱ्हाइकाला सांगायचा, "पिवळं गेलं. शाळा भरली." संध्याकाळी तेच उलट्या दिशेने. खिंडीत पिवळं दिसलं की पोरं झाडाखालून वर्गात पळायची. सर पोचेपर्यंत सगळी पुस्तकं उघडी. सरांना वाटायचं, शिस्त लागली. पिंपळाखाली बसलेल्या बाया हात करून गाडी थांबवायच्या. कोणाला हिंगोलीहून बीपीच्या गोळ्या, कोणाला मिक्सरचं भांडं, कोणाला सुनेच्या माहेरी एक पिशवी. सर सगळ्यांचं आणायचे. त्यांना नाही म्हणता येत नाही, हे तुम्ही नांदेडच्या दुकानात पाहिलंच.

दोन ऑक्टोबरला मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली. मी त्या दिवशी तांड्यावर जनावरांना लस टोचायला आलो होतो, येऊन मागे उभा राहिलो. नाली झाली, नळ झाला, आणि ग्रामसेवकाने नेहमीसारखं एका दमात वाचलं की सर्व कर्मचारी गावात मुक्कामी राहतात, सबब ठराव मंजूर. एवढ्यात तांड्यावरचे म्हातारे नेमसिंग काठी टेकत उठले.

"सरपंच, एक इचारू का? सर जर गावातच राहतेत, तर रोज सकाळच्याला खिंडीतून पिवळं कोन येऊन राहिलं?"

सरपंच सोमेश्वर हे गावचे असले तरी पोरांच्या शाळेसाठी त्यांचंही बिऱ्हाड हिंगोलीत. ते म्हणाले, "सकाळचं फिरायला जात असतेल."

"गाडीवर?"

"पेट्रोल टाकाया."

"मंग सांजच्याला पुन्ना तिकडंच काहून जाऊन राहिले?"

लोक हसले. सर पारावरच, पिवळ्या जाकिटात बसले होते. दरवर्षीसारखं त्यांनी खाली मान घालून बसायचं होतं, एवढंच. पण ते उभे राहिले.

"नेमसिंगदादा म्हणतात ते बराबर हाय. मी हिंगोलीला राहतो. माझी पोरगी प्रियदर्शनी तिथल्या शाळेत हाय. तुमची लेकरं मी शिकवतो आन् माझं लेकरू मी या शाळेत घातलं न्हाई, याची मला लाज वाटते. पण राहतो मी हिंगोलीलाच."

मला त्या क्षणी सरांचा फार अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःची काळजीही वाटली. कारण सर तिथे राहत नाहीत हे एकदा लिहिलं, की लिहिणारा ग्रामसेवक कुठे राहतो हे लिहावं लागणार. मग सिस्टर, मग तलाठी, मग सरपंच. आणि मग मी. आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघू लागलो. ग्रामसेवकाने हळूच विचारलं, "हे लिहायचं का?"

"येडे हाव का?" सरपंच त्याच्यावर ओरडले. मग सरांकडे वळून समजुतीने म्हणाले, "सर, खरं बोलायची ही जागा हाय का? ग्रामसभा हाय ही. तुमी कुठं राहता याची गावाला काई तकलीफ न्हाई. तुमी दिसता, याची तकलीफ हाय. उद्या वरून साहेब आला आन् पिवळं पाहून इचारलं तर? ते जाकीट काढा, पैल्यासारखी दस्ती बांधत जा. मिटलं."

"काढणार न्हाई," सर म्हणाले. "दिसलो न्हाई म्हणून रस्त्यावर पडून राहिलो होतो. तुमच्या ठरावासाठी मला पुन्ना तसं पडायचं न्हाई. घरी दोन माणसं वाट पाहतात माझी. लईच असंल तर शाळेमागं मास्तरांच्या दोन खोल्या हायेत, एक उघडून द्या. आजपासून राहतो."

आता गाव खऱ्या अर्थाने घाबरलं. त्या खोल्यांत सरपंचांचं मागच्या सालचं सोयाबीन भाव येईपर्यंत थांबलं होतं.

"खोली गळती हाय," सरपंच म्हणाले.

"सोयाबीन भिजत न्हाई वाटतं?" मागून कोणी तरी बोललं.

बायकांतून एक आजी उठली. "सर हितं राहिले तर माझ्या गोळ्या कोन आनंल?" तिच्या मागून मिक्सरवाली, पिशवीवाली, सगळ्याच बोलू लागल्या. सरांनी गावात राहावं असं म्हणणारा त्या सभेत एकच माणूस होता, तो म्हणजे सर.

नेमसिंग हे सगळं ऐकून वैतागले. खाली बसता बसता टोमणा मारला, "मंग असं करा, समद्याच साहेब लोकायला पिवळं घाला. कोनतं कवा आलं आन् कोनतं कवा गेलं, आमाला बी कळायचं न्हाई आन् वरच्या साहेबाला बी."

सभा हसली. सरपंच हसले नाहीत. दुसऱ्याच्या टोमण्यातून योजना उचलायची त्यांची हातोटी जुनी आहे. त्यावरच ते दोनदा निवडून आलेत.

मुक्कामाचा ठराव एकमताने मंजूर झाला, आणि सगळ्यांनीच पिवळं घालायचं असं तोंडी ठरलं. दिवाळीच्या आत या रस्त्यावरच्या सगळ्या अपडाऊनवाल्यांनी पिवळी जाकिटं घेतली. सरपंचांनी सगळ्यांत आधी घेतलं, आणि त्याला 'रस्ता सुरक्षा' असं नाव देऊन फोटोही छापून आणला. नांदेडचा दुकानदार चक्रावून गेला असणार. जे जाकीट फुकट कोणी नेलं नसतं, ते हिंगोलीकडचे लोक जोडीजोडीने नेऊ लागले. मीही घेतलं. थंडीला बरं आहे, खोटं कशाला बोलू.

योजना अचूक लागू पडली. खेमा आता गिऱ्हाइकाला काही सांगू शकत नाही. पोरं सुरुवातीला प्रत्येक पिवळ्याला वर्गात पळाली, तलाठ्याला पळाली, मला पळाली, मग कंटाळून झाडाखालीच बसू लागली. गोळ्या मागणाऱ्या आजीने एकदा सर समजून ग्रामसेवकाला थांबवलं आणि त्याने झटक्यात ओळख नाकारली. सर या सगळ्यावर खूश होते. "हसा तुमी," ते नरसीला चहा पिताना म्हणायचे, "पण समदेच दिसून राहिलो की नाही? एकाचं हाड वाचलं तरी लई झालं." सरांचं हे मला पटायचं. या अख्ख्या लबाडीत प्रामाणिक कारण असलेला तो एकटाच माणूस होता.

पौषातली गोष्ट. संध्याकाळी नरसीला सरांच्या गाडीचं चाक बसलं. पंक्चरवाला हवा तपासत होता, सरांचा फोन बंद पडला होता. मला म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. मी निघालो. माझा रस्ता सरांच्या गल्लीतूनच जातो. गल्लीत वळलो तर पुनमवहिनी फाटकाच्या बाहेर रस्त्यावर उभ्या होत्या. मी गाडी हळू केली तशा त्या धावत आल्या आणि माझ्या बाहीला घट्ट धरलं.

"किती उशीर! फोन काहून बंद हाय? जीव थाऱ्यावर न्हाई माझा..."

मी तोंडावरची दस्ती खाली केली. त्यांचा हात बाहीवरून सुटला. मी आजवर पुष्कळांची थट्टा केली आहे, सरांची तर रोज करतो, पण तो चेहरा पाहून मी गाडी बंद करून खाली उतरलो. माझं जाकीट बघून त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि मी तो परत काढून घेतला होता.

"तुमी हाव व्हय," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईने सांगितलं, सर खुशाल आहेत, चाक बसलंय, येतातच. त्या पायरीवर बसल्या. मग माझ्याकडे न बघता बोलल्या.

"भाऊजी, राग नका धरू. पण तुमी आमच्या गल्लीतून येत नका जाऊ. दिस मावळला की पिवळे जातेत एकामागं एक. दर येळी ते आले म्हणून उठते, आन् दर येळी ते न्हाईत म्हणून बसते. त्या दिवशी ते रस्त्यात पडले होते ना, तवा एकदाच भ्याले होते मी. आता रोज इतक्या खेपा भिते."

सर आले तेव्हा त्या आत चहा ठेवत होत्या. मी निघालो.

त्या दिवसापासून मी मागच्या रस्त्याने, नाल्याकडून वळसा घालून घरी जातो. तो रस्ता खराब आहे आणि कुत्री मागे लागतात. तलाठ्याला सांगितलं, सिस्टरना सांगितलं, सरपंचांनाही सांगितलं. कोणी का म्हणून विचारलं नाही, कोणी ठराव मागितला नाही. मुक्कामाचा नियम जन्मात न पाळलेली ही सगळी माणसं हा नियम मात्र मुकाट पाळतात. संध्याकाळी त्या गल्लीत आता एकच पिवळं जाकीट वळतं.